नखांच्या दुकानातला मुलगा आणि आश्रयाचा अर्ज

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

आम्ही चार वर्षांपासून दक्षिण लंडनमध्ये राहतो. यजमान स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत आणि कायम वास्तव्याच्या अर्जाची आम्ही वाट पाहत आहोत. आमच्या कोपऱ्यावरच्या नखांच्या दुकानात एक व्हिएतनामी मुलगा काम करतो. बावीस वर्षांचा असल्याचे सांगतो. हंगेरीतल्या कारखान्याचा व्हिसा काढून तो युरोपात आला आणि तिथून कसा तरी इकडे पोहोचला. दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो. पासपोर्ट ‘काकां’कडे असतो, पगारातले बरेचसे पैसे त्यांच्याकडेच जातात. मला इंग्रजी चांगले येते म्हणून त्याने आश्रयाचा अर्ज लिहून द्यायची विनंती केली आहे. चर्चला जात होतो म्हणून पोलिसांनी मारले, असे लिहायला काकांनी सांगितले आहे, पण तो कधीच चर्चला गेलेला नाही. यजमान म्हणतात, गेल्या वर्षी आपण स्वतः हालाँग बेला सहलीला जाऊन आलो, त्या देशातून कसला आश्रय मागायचा? त्याला आश्रय मिळेल का? मदत केली तर आम्ही अडचणीत येऊ का? थोडे दिवस आमच्या रिकाम्या खोलीत ठेवून घरकामाचे पैसे दिले तर चालेल का?

उत्तर

नमस्कार.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ती चर्चची हकिकत तुम्ही लिहून देऊ नका, आणि त्यालाही ती कुठे सांगू देऊ नका. खोटे बोलू नये हा संस्कार आपल्याकडे सगळ्यांवरच झालेला असतो, त्यामुळे त्याबद्दल वेगळे सांगत नाही. इथे प्रश्न त्या मुलाच्या नुकसानीचा आहे. आश्रय मागणाऱ्याची आधी एक प्राथमिक मुलाखत होते, मग काही महिन्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, सविस्तर मुलाखत होते, आणि निर्णय घेणारा अधिकारी या दोन्हींतली उत्तरे लेखी निवेदनाशी ओळ न् ओळ ताडून पाहतो. जो मुलगा कधी चर्चची पायरी चढलेला नाही, त्याला आपल्या गावच्या चर्चमध्ये कोणता सण कसा साजरा होतो हे विचारले की दहा मिनिटांत सगळे उघडे पडते. त्यानंतर त्याने खरे सांगितले तरी त्यावर विश्वास बसणे कठीण होते, आणि त्याच्याकडे सांगण्यासारखे खरे बरेच काही आहे असे तुमच्या पत्रावरून मला वाटते. काकांनी नेमके तेच झाकून ठेवायला सांगितले आहे.

आता कायदा काय विचारतो ते पाहू. ब्रिटनने १९५१ च्या निर्वासितविषयक कराराशी आणि १९६७ च्या त्याच्या पूरक कराराशी स्वतःला बांधून घेतले आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातले सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणासाठी मायदेशी छळ होईल अशी ज्याला सार्थ भीती आहे, तो या करारानुसार निर्वासित ठरतो. या व्याख्येत गरिबी नाही, कर्ज नाही, आणि चांगल्या आयुष्याची इच्छाही नाही. त्याचबरोबर देश सुंदर आहे की नाही, तिथे पर्यटक जातात की नाही, याचाही त्यात उल्लेख नाही. हालाँग बेच्या बोटीवर तुमच्या यजमानांनी जो व्हिएतनाम पाहिला तो खोटा नव्हता. पण त्याच देशाच्या दंडसंहितेत ‘राज्यविरोधी प्रचारा’साठी ११७ वे कलम आहे, आणि समाजमाध्यमांवर लिहिणारी माणसे त्याखाली अनेक वर्षे तुरुंगात बसली आहेत. मध्य व्हिएतनाममधल्या पठारी भागातल्या आदिवासी ख्रिस्ती समाजाच्या छळाच्या तक्रारीही जुन्या आहेत. म्हणजे व्हिएतनामी माणसाला आश्रय मिळतच नाही असे नाही आणि व्हिएतनामी म्हणून तो मिळतो असेही नाही. या माणसाला उद्या परत पाठवले तर त्याचे काय होईल, एवढा एकच प्रश्न प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे विचारला जातो.

हे नेहमी असेच होते का? नव्हते, आणि यजमानांच्या शंकेचे मूळ बहुधा इथेच आहे. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव साम्यवाद्यांच्या हाती पडल्यानंतरच्या वीस वर्षांत सुमारे ८ लाख व्हिएतनामी माणसे होड्यांतून आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर आणि हाँगकाँगला पोहोचली. जुलै १९७९ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा ब्रिटनने हाँगकाँगच्या छावण्यांमधून १०,००० जणांना घेण्याचे कबूल केले. मार्गारेट थॅचर यांचे सरकार त्यासाठी फारसे उत्सुक नव्हते, पण शीतयुद्धाच्या त्या काळात साम्यवादी राजवटीतून पळून आलेल्या माणसाला नाही म्हणणे सोपे नव्हते. जे आले त्यांना जवळजवळ सरसकट निर्वासित मानले गेले. तुझी भीती सार्थ आहे का, अशी झडती एकेकाची घेतली गेली नाही. त्यांना चार-चार, सहा-सहा कुटुंबांच्या गटांनी देशभरातल्या गावांत विखरून ठेवण्याचे धोरण मात्र फसले. ज्या गावात आपली भाषा बोलणारे कोणी नाही, आपला तांदूळ-मसाला मिळत नाही, काम नाही, तिथे माणूस किती दिवस राहणार? हळूहळू बरीच कुटुंबे लंडनला आली. हॅकनीतल्या किंग्सलंड रोडवर आज फो या व्हिएतनामी नूडल-सूपची जी दुकाने दिसतात, त्यांच्या मागे हा इतिहास आहे.

मग दार अर्धे लागले, तेही ब्रिटिश अमलाखालच्या हाँगकाँगमध्येच. जुलै १९८२ पासून तिथे नव्याने येणाऱ्यांना बंद छावण्यांत ठेवायला सुरुवात झाली. १६ जून १९८८ पासून येणारा प्रत्येक व्हिएतनामी बेकायदा स्थलांतरित मानला जाऊ लागला, आणि आपण निर्वासित आहोत हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आला. हाँगकाँगच्या नभोवाणीवर व्हिएतनामी भाषेतून एक घोषणा वारंवार वाजत असे. तिचे पहिले शब्द होते ‘बात दाऊ तू नाय’, म्हणजे ‘आतापासून’. ज्यांना व्हिएतनामी भाषेतला दुसरा एक शब्दही येत नव्हता अशा हाँगकाँगवासीयांच्या तोंडी हे शब्द रुळले. पुढच्या वर्षी जून १९८९ मध्ये जिनिव्हात या होड्यांतल्या माणसांसाठी आंतरराष्ट्रीय ‘सर्वंकष कृती आराखडा’ ठरला आणि हीच चाळणी बाकीच्या देशांनीही स्वीकारली. १२ डिसेंबर १९८९ च्या पहाटे ५१ जणांना, ज्यांत निम्म्याहून अधिक मुले होती, हाँगकाँगहून विमानात बसवून हनोईला परत पाठवले गेले. विचार करा: पंधरा जूनला आलेली होडी आणि सतरा जूनला आलेली होडी कदाचित एकाच किनाऱ्यावरून सुटली असेल, दोन्हींत एकाच गावची माणसे असतील, पण कायद्याच्या लेखी ती दोन वेगळ्या जातीची झाली.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की तुमच्या शेजारच्या मुलाने लंडनमधल्या जुन्या व्हिएतनामी कुटुंबांकडे पाहून ‘त्यांना मिळाले, मलाही मिळेल’ असा हिशेब केला असण्याची शक्यता आहे, आणि एजंट तोच हिशेब विकतात. १९७९ चे धोरण आता नाही. आजचा व्हिएतनामी अर्जदार एकेकट्याच्या चाळणीतून जातो. त्यातच १७ एप्रिल २०२४ रोजी ब्रिटन आणि व्हिएतनाम यांनी बेकायदा स्थलांतराबाबत संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, त्यामुळे अर्ज फेटाळला गेलेल्यांना परत पाठवण्याची यंत्रणा पूर्वीपेक्षा जोरात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी जाहीर केलेल्या धोरणाचा रोखही निर्वासित दर्जा तात्पुरता ठेवून त्याचा वेळोवेळी फेरविचार करावा आणि कायम वास्तव्य लांबणीवर टाकावे असाच आहे. नियम झपाट्याने बदलत आहेत, म्हणून दोन वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या कुणाचा अनुभव या मुलाच्या उपयोगी पडेलच असे धरू नका.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या तपशिलांकडे तुम्ही ओझरते पाहिले, पण ज्यांच्यावर मी थबकलो, त्यांच्याकडे येतो. पासपोर्ट दुसऱ्याकडे, झोपायची जागा मालकाची, पगारातून परस्पर कापून घेतलेले पैसे, आणि वर अर्जात काय लिहायचे हेही त्याच माणसाने सांगितलेले. अशा मुलाच्या बाबतीत आधी माणसांच्या तस्करीचा आणि वेठबिगारीचा विचार करावा लागतो. इथल्या व्हिएतनामी वस्तीत कागदपत्रे नसलेल्या माणसांना ‘न्गुओई रोम’, म्हणजे पेंढ्याची माणसे, म्हणतात. अशी माणसे नखांच्या दुकानांत असतात, आणि खिडक्यांना आतून काळे कागद लावलेल्या भाड्याच्या घरांत गांजाच्या रोपांना पाणी घालतानाही सापडतात.

यातली बरीच माणसे न्गे आन आणि हा तिन्ह या उत्तर-मध्य व्हिएतनामच्या प्रांतांतून येतात. घर किंवा जमीन गहाण टाकून प्रवासाचे पैसे उभे केले जातात. जमिनीच्या हक्काचा जो दाखला असतो त्याला तिथे बोलीभाषेत ‘सो दो’, म्हणजे लाल पुस्तक, म्हणतात. आपल्याकडे सातबारा सावकाराकडे गेला की घरात जी शांतता पसरते ती तुम्हाला सांगायला नको. लाल पुस्तक गेले की तिथेही तेच होते. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी इसेक्समधल्या ग्रेझ गावी एका मालट्रकच्या बंद पेटीत ३९ व्हिएतनामी माणसे गुदमरून मेलेली सापडली. त्यांत पंधरा वर्षांची दोन मुले होती. मागे राहिलेल्या कुटुंबांच्या डोक्यावर दुःखाच्या जोडीला प्रवासाचे कर्जही राहिले.

तस्करीत सापडलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये आश्रयाहून वेगळी अशी एक व्यवस्था आहे, तिला नॅशनल रेफरल मेकॅनिझम म्हणतात. यात कोणी स्वतः अर्ज करत नाही. पोलीस, स्थानिक प्रशासन, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेसारख्या काही ठरावीक संस्था यांनीच नाव पुढे पाठवायचे असते, आणि व्यक्ती सज्ञान असेल तर तिची संमती लागते. प्रथमदर्शनी संशय मान्य झाला की निदान तीस दिवस सावरायला मिळतात, त्या काळात राहण्याची सोय आणि वकिलाचा सल्ला मिळू शकतो, आणि हाकलून देण्याची कारवाई थांबते. देशात राहण्याचा परवाना यातून आपोआप मिळत नाही, हेही त्याला आधीच सांगितलेले बरे. तरीही ही हकिकत आश्रयाच्या अर्जातही महत्त्वाची ठरते. परत गेल्यावर तीच टोळी पुन्हा गाठेल आणि तिथले सरकार संरक्षण देणार नाही असे दाखवता आले, तर तस्करीच्या बळींना ‘विशिष्ट सामाजिक गट’ मानून संरक्षण दिल्याची उदाहरणे इथल्या न्यायाधिकरणांत आहेत. नुसती सावकाराची भीती मात्र सहसा पुरत नाही. ही सबब इतक्या वेळा पुढे येते की गृहखात्याने व्हिएतनाममधल्या बेकायदा सावकारांवर आपल्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी टिपणी काढली आहे.

तो बावीस वर्षांचा असल्याचे ‘सांगतो’ असे तुम्ही लिहिले आहे. तो अठराच्या आतला असावा असे तुम्हाला क्षणभरही वाटले असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून कौन्सिलच्या बालसंरक्षण विभागाला कळवा. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत संमतीची वाट पाहत नाहीत.

तो कोणत्या गावचा, हेही त्याच्याकडून शांतपणे काढून घेण्यासारखे आहे, मात्र ते तुमच्यासाठी नव्हे, त्याच्या वकिलासाठी. एप्रिल २०१६ मध्ये हा तिन्हमधल्या फॉर्मोसा पोलाद कारखान्याच्या सांडपाण्याने मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला. कंपनीने ५० कोटी डॉलर भरपाई दिली, पण ती चार प्रांतांपुरती होती. शेजारच्या न्गे आनचे कोळी तीत धरले नव्हते, आणि त्यासाठी रस्त्यावर आलेल्यांना पोलिसांचा मार खावा लागला. समजा या मुलाचे घर अशा किनाऱ्यावर असेल आणि घरातले कोणी त्या मोर्चात असेल, तर त्याच्याजवळ काकांच्या चर्चपेक्षा कितीतरी भक्कम आणि खरी हकिकत आहे, जी राजकीय मताच्या कारणात बसू शकते. नसेल तर नसेल. ती आहे की नाही हे शोधणे वकिलाचे काम आहे.

आणि वकील म्हणजे नोंदणीकृतच हवा. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानुसार इमिग्रेशनचा सल्ला देण्याचे काम, फुकट असले तरी, नोंदणीशिवाय करणे हा गुन्हा आहे. एका शेजारणीने एकदा पत्र लिहून दिले म्हणून तिला कोणी पकडत नाही, पण ‘अमुक मराठी बाई अर्ज लिहून देतात’ असा लौकिक व्हायला वेळ लागत नाही. इंग्लंडमध्ये आश्रयाच्या प्रकरणांना सरकारी खर्चाने कायदेशीर मदत मिळू शकते. असे वकील कमी आहेत आणि त्यांच्याकडे रांगा आहेत, तेव्हा चार ठिकाणी फोन करावे लागतील. तुमचे इंग्रजी या फोनसाठी वापरा. ही मदत अर्ज लिहून देण्यापेक्षा मोलाची आहे. देशात आधीच असलेल्या माणसाचा आश्रयाचा अर्ज वेळ ठरवून क्रॉयडनच्या लूनर हाउसमध्ये नोंदवला जातो. तिथे दुभाषी सरकार देते. दुकानातल्या कुणाला, आणि काकांना तर मुळीच, दुभाषी म्हणून बरोबर नेऊ नये. उशीरही करू नये, कारण विनाकारण लांबवलेला अर्ज २००४ च्या कायद्यानुसार अर्जदाराच्या विश्वासार्हतेच्या विरुद्ध धरला जाऊ शकतो.

एक अडचण त्याला आधीच कळायला हवी. आश्रय मागितला की काम करण्याची मुभा नसते. बारा महिने निर्णय लागला नाही तर परवानगी मागता येते, तीही ठरावीक कामांपुरती. तोवर राहायला जागा मिळते, ती देशात कुठेही असू शकते, आणि स्वतः स्वयंपाक करणाऱ्याला आठवड्याला सुमारे ५० पौंड हातखर्चाला मिळतात. याचा अर्थ गावाकडे जाणारा कर्जाचा हप्ता ज्या दिवशी अर्ज केला त्या दिवशी थांबतो. पुष्कळ जण या वळणावर मागे फिरतात किंवा सरकारी निवासातून एका रात्री नाहीसे होऊन पुन्हा त्याच दुकानांत जातात. म्हणून आई-वडिलांवर तिकडे कोणाचा दबाव येऊ शकतो, हे त्याने वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे.

तुमच्या घरातल्या खोलीबद्दल: भाडे घेऊन ठेवू नका. राहण्याचा हक्क नसलेल्या माणसाला भाडेकरू म्हणून घरात ठेवल्यास पहिल्या वेळेलाच ५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घरकामाचे पैसे देऊन ठेवणे त्याहून वाईट, कारण बेकायदा कामावर ठेवल्याचा दंड पहिल्या वेळेला एका माणसामागे ४५,००० पौंडांपर्यंत जातो, आणि कायम वास्तव्याच्या अर्जाच्या तोंडावर असा डाग तुम्हाला परवडणार नाही. जेवू घालणे, ऐकून घेणे, फोन करून देणे, वकिलाच्या भेटीला सोबत जाणे यांत गैर काही नाही. फुकट ठेवून घ्यायचा विचार असेल तर त्याआधी त्याच वकिलाला विचारा. आणि ही गोष्ट मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. हेतू चांगला असला तरी असा संदेश संध्याकाळपर्यंत दुकानात पोहोचतो.

यजमानांवर रागावू नका. दर प्रौढ माणशी दर वर्षी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरून, पगाराच्या पावत्या आणि प्रवासाच्या तारखा जपून ठेवून जो माणूस नियमाने राहतो, त्याला दुसऱ्याचे बिनकागदाचे येणे खुपते. ते खुपणे मीही अनुभवले आहे. माझ्या पहिल्या व्हिसाच्या वेळी एक शिक्का कमी म्हणून मला दोनदा परत पाठवले होते, आणि त्या दिवशी जगातला कोणताही निर्वासित मला सोयीत असल्यासारखा वाटला असता. पण या दोन रांगा वेगळ्या आहेत. त्या मुलाला दर्जा मिळाल्याने तुमचा अर्ज एका दिवसानेही मागे जात नाही, आणि तो परत पाठवला गेल्याने पुढेही येत नाही. तो आला त्या वाटेबद्दल यजमानांना जे म्हणायचे असेल ते म्हणू द्या. त्या वाटेचे पैसे कोणी घेतले आणि आजही कोण घेत आहे, एवढे मात्र त्यांनी एकदा पाहावे.

तो पुढच्या वेळी येईल तेव्हा दुकानापासून दूर, एकटा असताना त्याच्याशी बोला. फोन त्याचा स्वतःचा आहे की काकांनी दिलेला, हे आधी विचारा, आणि काकांनी दिलेला असेल तर बोलण्यापुरता तो दुसऱ्या खोलीत ठेवा. मग त्याला एवढेच सांगा, की मी अर्ज लिहून देणार नाही, पण तुझी खरी गोष्ट फुकट ऐकून घेईल असा वकील मी शोधून देते, आणि पासपोर्ट काकांकडे आहे हे तू त्याला सर्वांत आधी सांग.